बंद दाराची बाजू

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज नमुन्याची तबकडी ऐकली. हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी घालून दिलेला नियम आहे: जी यंत्रावर दाबून काढायची ती आधी एकदा सगळी ऐकायची, आवडो न आवडो. बावीस वर्षांत मी तो मोडलेला नाही.

पहिल्या गाण्यालाच मालकांच्या टेबलावरची पेनं चालायला लागली. ढोल, तीन गिटार, आणि त्यावर एका मुलीचा असा आवाज की पत्रा फाटावा. मालक म्हणाले, "बुवा, कानात कापूस घाला हवं तर. पण ही ऑर्डर नीट गेली तर कारखाना चालेल, नाहीतर जूनमध्ये कुलूप." दोन यंत्रं कधीच बंद पडली आहेत. माझं तेवढं तिसरं चालू आहे.

अल्बमचं नाव 'कडी'. नऊ गाण्यांची एकच गोष्ट आहे. पहिल्या बाजूला एक माणूस एका दारासमोर थांबतो. आतून कोणीतरी त्याला घरच्या लाडक्या नावाने हाक मारतं. पाच गाणी तो स्वतःला आवरतो आणि बाजू संपते तेव्हा त्याचा हात कडीवर असतो. दुसऱ्या बाजूला तो आत असतो. जवळचं सगळं घालवतो आणि शेवटच्या गाण्यात कसाबसा बाहेर उन्हात येतो.

कापूस घातला नाही. उलट शेवटी डोळ्यांत पाणी आलं, ते मालकांना दिसू नये म्हणून तबकडी पुसत बसलो.

घरी येताना विचार करत होतो. माणूस मोहात असतो तेव्हा दार सताड उघडंच असतं. तो बाहेर पडला की मगच ते बंद होतं. लांबच्या रस्त्याने आलो, नेहमीसारखा. जवळच्या रस्त्यावर ते दुकान आहे. चौदा वर्षं झाली, बाटली सुटली. पण हाक सुटली असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. अठरा मिनिटं जास्त लागतात. हिला सांगितलं आहे की चालणं तब्येतीला चांगलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

यंत्राला हात जोडले आणि पाचशे प्रती दाबल्या. एकही फुगली नाही, एकीचीही कड वाकडी नाही.

मधले गोल कागद काल भट्टीत सुकवून ठेवले होते. ओल राहिली की कागदाखाली फोड येतो. लोकांना वाटतं कागद नंतर गोंदाने चिकटवतात. गोंद कसला! प्लास्टिकच्या गरम गोळ्याच्या वर एक, खाली एक ठेवायचा आणि साच्यांमध्ये दाबायचा. तबकडी आणि कागद एकजीव होतात. मग देवालासुद्धा ते वेगळे करता यायचे नाहीत.

या वेळचे कागद वेगळेच होते. त्यांवर अक्षर नाही, आकडा नाही. एकावर बंद दार, एकावर उघडं. नव्या पोरांची हौस. पण चित्रं इतकी बोलकी होती की कामाचा कागद खिशातून काढावासुद्धा लागला नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

देवा, काय करून बसलो!

तबकड्या दुकानांत जाऊन चार दिवस झाले. माझ्या वाट्याची, कागदाला सुरकुती पडलेली एक प्रत घरी आणली होती. आज दुपारी ती जुन्या प्लेअरवर लावली. ही खिडकीजवळ तिच्या पायाच्या मशीनवर कुणाचातरी कुर्ता शिवत होती. "लावा, पण हळू. माझं डोकं उठतं," म्हणाली.

पाकिटावर छापलं आहे, 'बंद दारापासून सुरुवात करा'. म्हणून बंद दाराची बाजू वर ठेवून सुई टेकवली. आणि लागलं काय, तर दुसऱ्या बाजूचं गाणं! माणूस आधीच आत!

खिशातल्या खिशात धुवून निघालेला कामाचा कागद शोधून काढला. अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती. 'बंद दार: पहिला साचा. उघडं दार: दुसरा साचा.' मी बरोबर उलटं केलं. हाकेच्या बाजूला उघडं दार लावलं, सुटकेच्या बाजूला बंद. चुकून हात गेला असता तर मनाला समजावता आलं असतं. पण मी विचार करून लावलं होतं. मला माहीत आहे दार कधी उघडं असतं आणि कधी बंद, कागद काय सांगणार, असं वाटलं असणार. हा तर अहंकारच.

हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दुसरी बाजूही लावा."

"अगं, माझी नोकरी जायची वेळ आली आहे!"

"जाईल तेव्हा जाईल. गोष्ट अर्धी कशाला सोडायची?"

लावली. पाच गाणी, आणि शेवटी कडीवर हात. त्यानंतर काही नाही. नुसती सुईची खरखर. मशीन केव्हाच थांबलं होतं. मी विचारलं, "डोकं उठलं का?" ती म्हणाली, "दोरा तुटलाय." आणि बराच वेळ सुईत दोरा ओवत बसली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मालकांना सांगितलं. ते आधी पांढरे पडले, मग लाल झाले, मग दार लावून आले.

"अजून कुणाला ठाऊक आहे?"

"घरी. आणि देवाला."

"मग तेवढ्यांवरच थांबवा. देव कुणाकडे तक्रार करत नाही."

"पण त्या पोरांनी वर्षभर राबून..."

"बुवा, पाचशे लोकांपैकी एकाने तरी फोन केला का? नाही ना? मग झाकली मूठ."

मी बाहेर आलो. दिवसभर यंत्र पुसत होतो, जे पुसलेलंच होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

हिच्या फोनवर गिऱ्हाइकं कपड्यांचे नमुने पाठवतात. त्याच फोनवर म्हणे 'कडी'बद्दल लोक मतं लिहीत आहेत. माझ्या फोनवर ते काही दिसत नाही. म्हटलं, वाच. कुठेतरी माझी चूक निघालीच असेल. एकदाचा तुकडा पडू दे.

तिने वाचलं, मी उतरवून घेतलं. नावं सगळी टोपणनावं आहेत.

'बहिरा राजा': ढोल असा आहे की कानात भाडेकरू ठेवल्यासारखं वाटतं. तिसऱ्यांदा ऐकतोय.

'झोपमोड': गायिका ग्रेट. गोष्ट मात्र डोक्यावरून गेली. माणूस सुटतो आणि मग पुन्हा दारात? हे काय? लेखक झोपला होता का?

'तारतोड': अगदी हेच. दोन्ही बाजूंचा मेळ बसत नाही. गिटार दहापैकी दहा, कथा दहापैकी दोन.

माझं पेन तिथेच थांबलं. लेखक कशाला झोपेल? झोपला होता तो दुसराच.

ही म्हणाली, "दोन लोकांनी काय म्हटलं म्हणजे जग नाही. उगाच ताणू नका. ताणलं की उसवतं."

१ मार्च, रविवार

आज एक मत आलं आहे आणि त्याने सगळी हवा पालटली आहे. लिहिणाऱ्याचं नाव 'पायमशीन'. बहुधा कुणी ढोलवाला असावा, ते लोक मोठा ढोल पायानेच वाजवतात. हिने सावकाश वाचलं, एकदाही न अडखळता. सगळंच उतरवतो:

"मला या संगीतातलं काही कळत नाही. पण गोष्ट नीट कळली. लोक म्हणतात सुटलेला माणूस परत दारात कसा? अहो, जो कधी आत गेलाच नाही त्याला दार कशाला हाक मारेल? हाक ऐकू येते ती बाहेर पडलेल्यालाच. माझ्या घरात असा एक माणूस आहे. कित्येक वर्षांपूर्वी बाहेर पडला. त्याला वाटतं मला ठाऊक नाही, पण तो अजून रोज लांबून फेरा घालून घरी येतो. कडीवर हात जाणं हे पाप नाही. रोज हात मागे घेणं, हेच त्याचं मोठं काम. ही गोष्ट इथेच संपायला हवी होती आणि इथेच संपली. पुढचं आपण ताणू नये. ताणलं की उसवतं."

खाली दीडशे लोकांनी उत्तरं दिली आहेत. 'झोपमोड' म्हणतो: मी माफी मागतो, झोपलेला मीच होतो. एकाने नाव न देता लिहिलं आहे: तीन वर्षं झाली मला सोडून. आज पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं. मी ही रेकॉर्ड उशाशी ठेवतो.

किती माणसं माझ्यासारखी असतील! मला वाटत होतं, लांबून चालणारा मी एकटाच. ज्याच्या घरी त्याच्याकडे असं पाहणारं कुणी आहे तो भाग्यवान. त्या बिचाऱ्याला हे कळत तरी असेल का, देव जाणे.

'ताणलं की उसवतं' हे त्यानेही लिहिलं आहे. हिला म्हटलं, "बघ, तुझंच वाक्य." ती म्हणाली, "जुनी म्हण आहे, कुणीही म्हणतं." आणि मशीन चालू केलं.

७ मार्च, शनिवार

आता भांडण वेगळंच पेटलं आहे: त्याने कडी उघडली की नाही?

'बहिरा राजा' म्हणतो उघडली, शेवटी एक श्वास ऐकू येतो तो आत जाणाऱ्याचा. 'तारतोड' म्हणतो तो श्वास सुटकेचा, आणि कथेला त्याने दहापैकी दहा करून टाकले आहेत. कुणी म्हणतं तबकडी संपल्यावर सुई फिरत राहते ती खरखर म्हणजे माणूस अजून तिथेच उभा आहे. 'पायमशीन'चं एकच वाक्य: "ज्याला घर आहे तो उघडत नाही."

बँड गप्प आहे. त्यांनी अजून तबकडी ऐकली नसेल का?

११ मार्च, बुधवार

नवीन ऑर्डर आली. दोन हजार! मालकांनी मला मिठी मारली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. बंद यंत्रांपैकी एक दुरुस्त करून घ्यायचं म्हणतात. जूनचं कुलूप टळलं.

मग हळूच म्हणाले, "तसंच दाबा, जसं पहिलं होतं."

"म्हणजे उलटं?"

"लोकांना ज्याचं वेड लागलंय ते."

"मालक, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे."

"तुम्ही म्हणता तसं सुलट दाबलं तर दोन प्रकारच्या तबकड्या बाजारात येतील. दुसऱ्या दिवशी बोंब. बँड करार मोडेल. तुम्ही, मी, पॅकिंगच्या दोघी, सगळे घरी."

शुक्रवारपर्यंत मुदत मागून घेतली. ते म्हणाले, "देवाला विचारणार आहात ना? विचारा. पण त्याला दोन हजारांचा आकडा आधी सांगा."

१२ मार्च, गुरुवार

उलटं दाबावं तर खोटं. सुलट दाबावं तर सगळ्यांच्या पोटावर पाय. आणि तिसरं, सांगून टाकावं, तरी पोटावर पायच.

खरं लिहायचं तर गप्प बसण्यात एक गोडी वाटते आहे. लोक आनंदात आहेत. मालक आनंदात आहेत. कुणाचंच काही बिघडत नाही. ही हाक ओळखीची आहे. बाटलीही अशीच बोलायची, एकाने काय होतंय, कुणाचं काय बिघडतंय. लाडक्या नावानेच हाक मारायची.

सकाळी प्रार्थनेला बसलो तर शब्द सुचेनात. ही चहा ठेवून म्हणाली, "देवाने तोंड दिलंय ना? मग त्यालाच कशाला सारखं विचारता? ज्यांची गाणी आहेत त्यांना विचारा."

"आणि नोकरी गेली तर?"

"मला एक मदतनीस हवाच आहे. बटणं लावायला या."

१४ मार्च, शनिवार

कालच मालकांना सांगितलं की मी जाऊन खरं बोलणार. त्यांनी डोकं धरलं, पण अडवलं नाही. नंतर जिन्यापर्यंत येऊन म्हणाले, "सगळं स्वतःवर घेऊ नका. गप्प बसा मी म्हणालो होतो." माणूस वाईट नाही.

टायरच्या दुकानामागे एक गोदाम आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. बँडचा सराव तिथे चालतो. ढोलवाला, गिटारवाला, आणि ती गाणारी. मला वाटलं होतं वाघीण असेल. सर्दी झालेली, लोकरीची टोपी घातलेली एवढीशी मुलगी आहे.

"काका, कुणाकडे आलात?"

सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. कामाचा पुसट कागदसुद्धा पुढे ठेवला.

गिटारवाला उसळला. "सहा महिने! सहा महिने आम्ही गाण्यांचा क्रम लावत होतो! भांडलो, रडलो, हा तर बँड सोडून चालला होता!"

"दोनदा," ढोलवाला म्हणाला.

"आणि तुम्ही एका सकाळी...!"

"ओरडू नको," गाणारी म्हणाली. "मला वाटलं होतं त्या 'पायमशीन'ने उलटं ऐकायची टूम काढलीय आणि लोक तिच्या मागे लागलेत. मी स्वतः अजून पाकीट फोडलं नाही. वर्षभर तेच ऐकून कान किटले होते." तिने कपाटातून सीलबंद प्रत काढली आणि नखाने फाडली. "बसा काका."

मी टायरवर बसलो. बंद दार वर ठेवून तिने सुई टेकवली. अडतीस मिनिटं आम्ही ऐकत राहिलो. बाजू बदलायला ती उठली तेवढीच. शेवटचा श्वास आला, मग खरखर. ती सुई उचलेचना.

ढोलवाला म्हणाला, "आयला."

गिटारवाल्याने तोंड फिरवलं होतं. थोड्या वेळाने भिंतीकडे बघतच म्हणाला, "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो ना, शेवट फार गोड झालाय म्हणून."

"तू? तूच उन्हासाठी भांडलास!" ढोलवाला म्हणाला.

गाणारीने मला विचारलं, "काका, तुम्ही दारं अशी का लावलीत? खरं सांगा."

सांगितलं. मोहात असताना दार उघडं असतं, बाहेर पडल्यावर बंद होतं. आणि बंद दाराची हाक जास्त मोठी असते. हेही सांगितलं की मी हे कुठे शिकलो. चौदा वर्षांत हिच्याशिवाय कुणाजवळ बोललो नव्हतो. तेही हिच्याजवळ फारसं नाहीच.

तिने नाक पुसलं. सर्दीच असेल. म्हणाली, "हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं नव्हतं."

ती तिघं एकमेकांकडे बघून हसायला लागली. मलाही हसू आलं. मग ती म्हणाली, "दोन हजार अशाच दाबा. पण लपवून नाही. पाकिटावर छापायचं: 'बाजूंचा क्रम: बुवा'."

मी नको नको म्हणालो. ढोलवाला म्हणाला, "बुवा, चूक तुमची, मान्य. पण बरोबरही तुमचंच आहे. दोन्ही सही करून घ्या."

१७ मार्च, मंगळवार

बँडने सगळी हकीकत जगजाहीर केली. आज हिने वाचली ती मतं:

'झोपमोड': म्हणजे गोष्ट कारखान्यातल्या माणसाने पुरी केली? मला माझ्या सगळ्या चुका याच कारखान्यात दाबून हव्यात.

'तारतोड': मी मूळ क्रमाने ऐकून पाहिलं. बुवांचाच बरोबर. गिटारवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

'बहिरा राजा': बुवा, कडी उघडली की नाही ते तरी सांगा!

मी हिला म्हटलं, "या 'पायमशीन'ने काहीच लिहिलं नाही आज?"

"नाही. त्याला म्हणायचं होतं ते म्हणून झालं असेल."

२४ मार्च, मंगळवार

दोन हजार पुऱ्या. या वेळी कामाचा कागद समोर टांगला होता आणि प्रत्येक शंभराला वाचत होतो. त्यावर गाणारीच्या अक्षरात होतं: 'उलटं, म्हणजे सुलट.' दुसरं यंत्रही सुरू झालं. त्यालाही हात जोडले. मालक लांबून बघत होते. मी पाहिलं नाही असं समजून त्यांनीही जोडले.

११ एप्रिल, शनिवार

आज दुपारी चारला कारखान्याशेजारच्या मैदानावर बँडचा कार्यक्रम होता. आम्हा दोघांना पहिल्या रांगेची जागा. ही म्हणत होती, "मी कशाला? माझं डोकं उठेल." पण नवा निळा पोशाख शिवून तयार होता. केव्हा शिवला कळलंच नाही.

माणसांचा समुद्र होता. काळे कपडे, रंगवलेले केस, आणि त्यांत आम्ही दोन पिकली पानं. एक दाढीवाला धिप्पाड मुलगा मला म्हणाला, "बुवा तुम्हीच ना? मीच तो 'झोपमोड'." आणि चक्क पाया पडायला वाकला. मी त्याला वरच्या वर धरलं.

सगळं त्याच क्रमाने वाजलं. आधी आत, मग ऊन, मग दार. जमीन हलत होती. मी हळूच बाजूला पाहिलं तर हिचे ओठ हलत होते. प्रत्येक ओळीला. एकही शब्द चुकत नव्हता. घरी शिवता शिवता तिच्या कानावर पडलं असणार.

शेवटच्या गाण्याआधी गाणारी म्हणाली, "हे गाणं बुवांसाठी. आणि 'पायमशीन'साठी. ज्याने कुणी ते लिहिलं, त्याने आम्हाला आमचीच गोष्ट समजावली. इथे असशील तर हात वर कर!" सगळे माना वळवून बघू लागले. मीही टाचा उंचावून पाहिलं. ही खाली वाकून पिशवीत रुमाल शोधत होती, म्हणून तिने पाहिलंच नाही.

कडीवर हात आला. गिटार थांबली. ढोल थांबला. गाणारीने शेवटचा श्वास घेतला आणि माइक आमच्याकडे धरला. एवढं मोठं मैदान, आणि टाचणी पडली तर ऐकू यावी.

आणि माझ्या शेजारून आवाज आला, खणखणीत:

"चल घरी!"

ही! जिचा आवाज आमच्या जिन्याखाली कधी गेला नाही, ती उभी राहून, रुमाल मुठीत धरून ओरडली. 'झोपमोड'ने ते उचललं. मग त्याच्या मागच्यांनी. मग सगळ्या मैदानाने. हजारो गळे, एका तालात: चल घरी! चल घरी! गिटारवाल्याने उडी मारून तार छेडली, ढोल सुटला, आणि तबकडीवर जे कधीच नव्हतं ते दहा मिनिटं वाजत राहिलं. गाणारी रडत होती आणि हसत होती. मी हात जोडले. यंत्र समोर नव्हतं, तरी जोडले.

ऊन होतं तोवर निघालो. ही रस्ताभर बोलत होती. ढोलवाल्याच्या सदऱ्याची शिवण खांद्यावर कशी चुकली आहे, गाणारीला आल्याचा काढा कोण देत नाही का, तिसऱ्या गाण्यात ती दोन ओळी मुद्दाम कशा विसरली. मी म्हटलं, "मुद्दाम हे तुला कसं कळलं?" तर म्हणाली, "तुम्ही समोर बघून चाला." माझ्या कोपराला तिचा हात होता. लोक येत-जात होते. कुठलंतरी दुकान उघडं होतं, आतून दिवा दिसला, कुणाचंतरी हसणं आलं, आणि ते मागे पडलं. ही तिसऱ्या गाण्यावरून चौथ्यावर गेली होती.

घराचं कुलूप काढताना सवयीने घड्याळ पाहिलं. अठरा मिनिटं लवकर पोचलो होतो.